रेड बुल नेमके कुठे घसरले? २१ विजयांपासून तिसऱ्या क्रमांकापर्यंत

वडाळा_उड्डाणपूल (धागाकर्ता)

फॉर्म्युला वनच्या २०२५ च्या हंगामातली अखेरची, अबू धाबीची शर्यत रेड बुलच्या मॅक्स वर्स्टापेनने जिंकली आणि विश्वविजेतेपद मात्र मॅक्लारेनच्या लँडो नॉरिसला मिळाले. ४२३ विरुद्ध ४२१, म्हणजे दोन गुणांचा फरक. त्यानंतर दोनच दिवसांत रेड बुलचे सल्लागार हेल्मुट मार्को संघ सोडत असल्याचे जाहीर झाले. संघप्रमुख ख्रिश्चन हॉर्नर यांना तर जुलैतच दूर करण्यात आले होते. २००५ पासून हा संघ ज्या दोन माणसांच्या नावाने ओळखला जात होता, ते दोघेही एकाच वर्षात गेले. या निमित्ताने रेड बुलच्या उतरणीवर एकत्रित चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

आधी उंची किती होती ते पाहू. २०२३ मध्ये २२ पैकी २१ शर्यती रेड बुलने जिंकल्या. त्यांपैकी १९ एकट्या वर्स्टापेनच्या होत्या आणि त्यात सलग १० विजयांचा विक्रमही आला. फक्त सिंगापूर तेवढे फेरारीच्या कार्लोस साइन्झने हिसकावले. त्यानंतरच्या वर्षीही सुरुवात तशीच झाली. पहिल्या १० शर्यतींपैकी ७ वर्स्टापेनने जिंकल्या. मग पुढच्या १० शर्यतींत संघाला एकही विजय मिळाला नाही. ब्राझीलमध्ये पावसात १७व्या स्थानावरून येऊन त्याने तो दुष्काळ संपवला आणि चौथे विजेतेपदही राखले, पण संघांच्या तक्त्यात मॅक्लारेन ६६६, फेरारी ६५२ आणि रेड बुल ५८९ असा क्रम लागला. २०२५ मध्ये मॅक्लारेन ८३३ गुणांवर गेली आणि रेड बुल ४५१ गुणांसह मर्सिडीजच्याही मागे, पुन्हा तिसऱ्या स्थानावर राहिली.

या घसरणीचे कारण विचारले की पहिले उत्तर ठरलेले असते: गाडीचे रचनाकार एड्रियन न्यूई गेले. मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. न्यूई जाणार ही घोषणा १ मे २०२४ ला झाली आणि त्याच आठवड्यातल्या मायामीच्या शर्यतीत नॉरिसने पहिला विजय मिळवला. या योगायोगामुळे ‘न्यूई गेले आणि गाडी बिघडली’ ही कथा लोकांच्या मनात बसली. परंतु गाडी चार दिवसांत बिघडत नाही. जे मे महिन्यात सर्वांना दिसले, त्याची चिन्हे संघाच्या दुसऱ्या गाडीवर वर्षभर आधीपासून दिसत होती, आणि तिकडे कोणी पाहत नव्हते, कारण पहिली गाडी जिंकत होती.

ती दुसरी गाडी चालवणाऱ्या सर्जिओ पेरेझचे आकडे क्रमाने लावून पाहावेत. २०२३ च्या पहिल्या चार शर्यतींपैकी दोन त्याने जिंकल्या. मग गाडीत जसजशा सुधारणा होत गेल्या तसतसा तो मागे पडत गेला आणि वर्षअखेरीस वर्स्टापेनचे ५७५ तर त्याचे २८५ गुण झाले. २०२४ च्या पहिल्या पाच शर्यतींत तो चार वेळा पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांत, होता. चीननंतर एकदाही नाही. अखेर तो १५२ गुणांसह आठवा आला. त्याच्या जागी आलेल्या लियाम लॉसनला दोनच शर्यती मिळाल्या आणि त्यांतल्या दुसरीत, चीनमध्ये, तो शर्यतीचा प्रारंभक्रम ठरवणाऱ्या पात्रता फेरीत अगदी शेवटचा होता. युकी त्सुनोदाने उरलेल्या वर्षभरात या गाडीत ३० गुण मिळवले. त्याच गाडीत वर्स्टापेनने ४२१.

तीन चालक, त्यांच्या तीन वेगवेगळ्या सवयी, आणि निकाल एकच. माझे म्हणणे असे आहे की रेड बुलची उतरण त्यांच्या सर्वांत यशस्वी वर्षातच सुरू झाली होती आणि त्या यशानेच ती झाकून ठेवली. जाणकारांनी आपले मत द्यावे.

एक विनंती. हॉर्नर यांच्याविरुद्ध एका महिला कर्मचाऱ्याने केलेली तक्रार, तिची अंतर्गत चौकशी आणि ती फेटाळली जाणे यावर येथे तर्क लढवू नयेत. आपल्यापैकी कोणालाही त्या कागदपत्रांत काय होते हे माहीत नाही.

परळकर

चांगला धागा. मुंबईकरांना हे सारे ओळखीचे वाटायला हरकत नाही. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत आपण रणजी करंडक सलग १५ वेळा जिंकला आणि पुढच्या हंगामात उपांत्य फेरीत कर्नाटकाने आपल्याला घरी पाठवले. त्या वेळीही ‘मुंबईचे काय चुकले’ यावर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर भरपूर चर्चा झाली असणार. वास्तविक चुकले फारसे काही नव्हते. बाकीचे मोठे झाले होते. मॅक्लारेन मोठी झाली, एवढाच याचा अर्थ. मुंबईने नंतर करंडक पुन्हा जिंकला आणि आता ती संख्या ४२ आहे. रेड बुलही जिंकेल. धागाकर्ते ज्याला उतरण म्हणतात ती मला फार तर एक विश्रांती वाटते.

पिटलेन

परळकर, तुलना वाचायला छान आहे, परंतु ती लागू पडत नाही. रणजी करंडक जिंकला म्हणून पुढच्या वर्षी मुंबईला नेटमध्ये कमी चेंडू खेळायला लावत नाहीत. फॉर्म्युला वनमध्ये नेमके तेच करतात.

विंड टनेल (गाडीची प्रतिकृती वाऱ्याच्या झोतात तपासण्याचा बोगदा) आणि संगणकीय चाचण्या यांचा वाटा संघाच्या क्रमांकानुसार ठरतो. पहिल्या क्रमांकाच्या संघाला आधारमर्यादेच्या ७० टक्के, दुसऱ्याला ७५ टक्के, आणि असे पाच-पाच टक्क्यांनी वाढत जाते. त्यात २०२१ च्या खर्चमर्यादेचे उल्लंघन केल्याबद्दल रेड बुलला ७० लाख डॉलरचा दंड झाला आणि चाचण्यांचा वाटा आणखी १० टक्क्यांनी कापला गेला. म्हणजे ७० चे ६३ टक्के. त्याच काळात, २०२३ च्या पूर्वार्धात, आदल्या वर्षी पाचव्या आलेल्या मॅक्लारेनकडे ९० टक्के होते. त्या वर्षीच्या पहिल्या दोन शर्यतींत एकही गुण न मिळालेल्या मॅक्लारेनने ऑस्ट्रियात नवीन गाडीच म्हणावी एवढे बदल आणले आणि तेथून तिचा चढ सुरू झाला. शिवाय तोपर्यंत कोलोनच्या टोयोटाच्या टनेलवर अवलंबून असलेल्या या संघाची स्वतःची टनेल त्याच वर्षी कार्यान्वित झाली.

त्यावर माणसेही आली. २००६ पासून रेड बुलमध्ये असलेले रॉब मार्शल २०२४ च्या आरंभी मॅक्लारेनमध्ये रुजू झाले. डॅन फॅलोज त्याआधीच ॲस्टन मार्टिनला गेले होते. पुढे न्यूईही तिकडेच गेले आणि जोनाथन व्हीटली सॉबरला. जिंकणाऱ्या संघातली माणसे बाकीच्यांना हवी असतात. त्यातून खर्चमर्यादेमुळे सर्वांना चढ्या पगारावर धरून ठेवणे शक्य होत नाही. नियमांनी घडवून आणलेली ही घसरण आहे. तिच्यामागे एवढे गूढ शोधण्याची गरज नाही.

माटुंगा_फॉर्म्युला

पिटलेन यांनी दिलेले आकडे बरोबर आहेत, पण त्यातून दुसऱ्या गाडीचे कोडे सुटत नाही. चाचण्या कमी मिळाल्या तर दोन्ही गाड्या सारख्याच मागे पडायला हव्यात. एक जिंकते आहे आणि दुसरी शेवटच्या रांगेत उभी आहे, याचे कारण चाचण्यांच्या संख्येत सापडणार नाही.

महाविद्यालयात असताना फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेतल्या गाडीवर काम केले होते, त्यामुळे या विषयाची थोडी तोंडओळख आहे. २०२२ नंतरच्या गाड्यांत बहुतेक डाउनफोर्स, म्हणजे गाडीला रस्त्यावर दाबून धरणारा हवेचा जोर, गाडीच्या तळाखालून येत असे. तळ आणि रस्ता यांतले अंतर काही मिलिमीटरने बदलले तरी सारा तोल बदलतो. विंड टनेलमध्ये वापरायची प्रतिकृती नियमानुसार जास्तीत जास्त ६० टक्के आकाराची आणि वाऱ्याचा वेग सेकंदाला ५० मीटरपर्यंतच. म्हणजे खरी गाडी ताशी ३०० किलोमीटरने वळणात शिरते तेव्हा काय होते ते टनेल दाखवत नाही. तिथल्या आकड्यांवरून अंदाज बांधावा लागतो. रेड बुलची बेडफर्डची टनेल शीतयुद्धाच्या काळातली आहे आणि मिल्टन कीन्समधली नवीन अजून बांधून होते आहे. जुन्या टनेलचे आकडे आणि धावपट्टीवरचे आकडे जुळत नाहीत, हे २०२४ मध्ये संघानेच मान्य केले.

आता त्यात चालकाची भर घाला. वर्स्टापेनला गाडीचे नाक तीक्ष्ण लागते. पुढची चाके तत्काळ वळली पाहिजेत, मागची बाजू सुटत असेल तर तो ती सांभाळून घेतो. एखादी सुधारणा पुढची पकड वाढवते आणि मागची थोडी कमी करते असे समजू. घड्याळात ती वर्स्टापेनच्या हातून एक दशांश सेकंद वाचवते. संघ ती स्वीकारतो, आणि का स्वीकारू नये? पेरेझच्या हातून तीच गाडी तीन दशांश गमावते, पण पहिली गाडी जिंकली असल्यामुळे त्या तीन दशांशांचा दोष पेरेझच्या खात्यावर जमा होतो. असे दहा वेळा झाले की गाडी जिथे नीट चालते ती पट्टी इतकी अरुंद होते की एक दिवस खुद्द वर्स्टापेनलाही ती सापडत नाही. तो दिवस इटलीतल्या मोंझाच्या २०२४ च्या शर्यतीचा. पात्रतेत सातवा, शर्यतीत सहावा.

यात कोणी मूर्खपणा केला असे मला वाटत नाही. प्रत्येक पायरीवर घेतलेला निर्णय त्या दिवसापुरता योग्यच होता.

कुलाबा_ते_कुर्ला

माटुंगा_फॉर्म्युला, उत्कृष्ट प्रतिसाद. एवढ्या सोप्या भाषेत हे प्रथमच वाचले.

बँडस्टँडचा_रहिवासी

मार्च २०२३ मध्ये डेव्हिड कूल्टहार्डने आमच्या वांद्र्याच्या बँडस्टँडवर व्ही-८ इंजिनाची जुनी रेड बुल पळवली तेव्हा आवाजाने खिडक्या थरथरल्या होत्या. २००५ मध्ये हा संघ उभा राहिला तेव्हाचा त्यांचा पहिला मुख्य चालक तो. तेव्हा हा ‘पार्ट्या करणारा शीतपेयवाल्यांचा संघ’ म्हणून हिणवला जाई, हे नव्या वाचकांना कदाचित माहीत नसेल.

मला मार्को यांच्याविषयी लिहायचे आहे, कारण दुसऱ्या गाडीचा प्रश्न शेवटी त्यांच्या दारात येऊन थांबतो. तरुण चालकांच्या ज्युनिअर कार्यक्रमातून त्यांनी फेटेल दिला, रिकार्डो दिला, साइन्झ दिला आणि १७ वर्षांच्या वर्स्टापेनला २०१५ मध्ये थेट फॉर्म्युला वनमध्ये बसवले. आपल्या मुंबईचा जेहान दारूवालाही २०२० ते २०२२ या काळात याच कार्यक्रमात होता. २०२० मध्ये फॉर्म्युला टू या खालच्या पायरीच्या स्पर्धेत कार्लिन संघात त्याचा सहकारी युकी त्सुनोदा होता. त्सुनोदा त्या वर्षी तिसरा आला आणि लगेच वरच्या पायरीवर गेला. जेहानने त्या हंगामात साखीरला शर्यत जिंकली, पण त्याला ती पायरी कधीच मिळाली नाही. आपल्याला तेव्हा हळहळ वाटली होती. त्सुनोदाचे २०२५ पाहिल्यावर ती हळहळ थोडी कमी झाली, हे प्रामाणिकपणे सांगतो.

हा कार्यक्रम चालकांना निवडण्यात वाकबगार होता. घडवण्याची सोशिकता मात्र त्यात नव्हती. गॅस्ली २०१९ मध्ये १२ शर्यतींनंतर परत पाठवला, आल्बन दीड वर्षात काढला, लॉसन दोन शर्यतींत. आणि जेव्हा तयार माणूस समोर होता तेव्हा काय केले? २०२४ मध्ये साइन्झ मोकळा होता. त्यांच्याच घरात वाढलेला, २०२३ मध्ये त्यांना हरवलेला एकमेव चालक. त्याला सोडून जूनमध्ये पेरेझचा करार वाढवला आणि डिसेंबरमध्ये तोच करार मोडला. साइन्झ विल्यम्सला गेला. संघांच्या विजेतेपदात त्या वर्षी रेड बुल मॅक्लारेनपेक्षा ७७ गुणांनी मागे होती. दुसऱ्या गाडीत कोणीही बरा चालक असता तर हे अंतर भरून निघाले असते.

परळकर

बँडस्टँडचा_रहिवासी, शेवटचे वाक्य जरा धाडसी आहे. आताच माटुंगा_फॉर्म्युला यांनी सांगितले की गाडीच एका माणसापुरती झाली होती. मग साइन्झनेही त्यात काय केले असते?

बँडस्टँडचा_रहिवासी

मुद्दा मान्य आहे, पण अर्धाच. साइन्झसारखा चालक आत असता तर ‘ही गाडी बिघडते आहे’ हे त्याचे म्हणणे संघाला ऐकावे लागले असते. पेरेझ बोलला तेव्हा ती सबब समजली गेली.

जुना_प्रेक्षक_१९९२

ज्यांनी विल्यम्स, मग फेरारी, मग मर्सिडीज यांचे चढ-उतार पाहिले आहेत त्यांना एक गोष्ट खटकेल. बहुतेक साम्राज्ये नियम बदलले तेव्हा पडली. फेरारीने २००४ मध्ये १८ पैकी १५ शर्यती जिंकल्या. पुढच्या वर्षी शर्यतीत टायर बदलण्यास बंदी आली आणि त्यांच्या वाट्याला एकच विजय आला, तोही इंडियानापोलिसचा, जिथे फक्त सहा गाड्या धावल्या. मर्सिडीजने सलग आठ वेळा संघांचे विजेतेपद घेतले आणि २०२२ च्या नवीन नियमांत त्यांची गाडी सरळ रस्त्यावर उसळ्या मारू लागली. विल्यम्सचे न्यूई १९९७ च्या हंगामाआधीच गेले आणि त्या हंगामानंतर रेनोचे इंजिनही.

रेड बुलचीही पहिली पडझड अशीच होती. २०१३ मध्ये सेबास्टियन फेटेलने सलग नऊ शर्यती जिंकल्या आणि चौथे विजेतेपद आपल्या ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर निश्चित केले. २०१४ मध्ये हायब्रिड इंजिने आली, रेनोचे इंजिन कमी पडले आणि फेटेलला अख्ख्या वर्षात एकही शर्यत जिंकता आली नाही. त्या वेळी दोष इंजिनाचा होता आणि इंजिन दुसऱ्याचे होते. या खेपेला नियम तेच, होंडाचे इंजिन उत्तम, चालक तोच, तरीही घसरण. म्हणून मला धागाकर्त्यांचे म्हणणे पटते की हा आजार आतला आहे.

पण आतला म्हणजे फक्त तांत्रिक नव्हे. संस्थापक डीट्रिश माटेशिट्स ऑक्टोबर २०२२ मध्ये वारले. ते असेपर्यंत हॉर्नर आणि मार्को यांच्यात कितीही ताणले तरी अखेरचा शब्द एकाचा होता. त्यांच्यानंतर ५१ टक्के मालकी असलेले थायलंडचे युविध्या कुटुंब आणि ऑस्ट्रियातले व्यवस्थापन अशी दोन दारे झाली, आणि संघातल्या प्रत्येकाला कोणत्या तरी एका दाराशी उभे राहावे लागले. २०२४ च्या पहिल्याच शर्यतीनंतर वर्स्टापेनचे वडील संघप्रमुख हॉर्नर यांच्याविरुद्ध उघडपणे वृत्तपत्राशी बोलतात, हे २०२१ मध्ये कोणी कल्पिले असते काय? त्या वातावरणात पिएर वाशे यांच्यासारख्या तांत्रिक प्रमुखाने ‘थांबा, आपण चुकीच्या दिशेने चाललो आहोत’ असे कोणाला जाऊन सांगायचे?

पिटलेन

मग २०२५ च्या उत्तरार्धाचे काय? नेदरलँड्समधल्या झांडफूर्टच्या शर्यतीनंतर वर्स्टापेन मॅक्लारेनच्या पियास्त्रीच्या १०४ गुणांनी मागे होता. तेथून अबू धाबीपर्यंत तो प्रत्येक शर्यतीत पोडियमवर आला. ब्राझीलमध्ये तर पिटलेनमधून, म्हणजे सर्वांच्या मागून, सुरुवात करून तिसरा. वर्षभरात ८ विजय, नॉरिस आणि पियास्त्री यांच्या प्रत्येकी ७ पेक्षा जास्त. ही उतरण असेल तर अशी उतरण पुष्कळ संघांना आवडेल! नवे संघप्रमुख लोरां मेकीस आले आणि दोन महिन्यांत संघ सावरला. म्हणजे दोष हॉर्नर यांच्या कारभारातच होता, असे सरळ म्हणता येते.

वडाळा_उड्डाणपूल (धागाकर्ता)

पिटलेन, इतके सरळ नाही. मेकीस ९ जुलैला आले आणि मोंझाला नवा तळ लागला तो सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. असा तळ आखणे, तपासणे आणि बनवणे हे काम काही आठवड्यांचे नसते. त्याची सुरुवात हॉर्नर असतानाच झाली असणार. मेकीस स्वतः अभियंता आहेत, त्यामुळे गाडीचा सेटअप ठरवताना संगणकाच्या अंदाजापेक्षा चालकाच्या म्हणण्याला वजन मिळू लागले असेल, एवढे श्रेय मी त्यांना देईन. बाकी लास वेगासला मॅक्लारेनच्या दोन्ही गाड्या तळाची फळी झिजल्यामुळे बाद झाल्या आणि कतारला त्यांनी सातव्या फेरीत सेफ्टी कारमुळे सगळे हळू धावत असूनही टायर बदलायला पिट घेतला नाही. ही देणगी होती.

आणि तरीही दोन गुण कमी पडले. बार्सिलोनात वर्स्टापेनने रागाच्या भरात मर्सिडीजच्या रसेलला धडक दिली, १० सेकंदांची शिक्षा झाली, तो पाचव्यावरून दहाव्या स्थानी गेला आणि नऊ गुण गेले. ज्या एका माणसावर संघ उभा आहे तो एका रविवारी डोके गमावू शकतो, आणि त्या वेळी सावरायला दुसरी गाडी जवळपासही नसते. मॅक्लारेनच्या दोन चालकांनी ४२३ आणि ४१० गुण मिळवले. त्यांच्यापैकी एकाचा दिवस वाईट गेला तरी दुसरा होता.

माटुंगा_फॉर्म्युला

धागाकर्त्यांशी सहमत. २०२६ विषयी थोडे. जुना_प्रेक्षक यांनी २०१४ ची आठवण काढली ती महत्त्वाची आहे, कारण त्या अनुभवातूनच रेड बुलने स्वतःचे इंजिन बनवायचे ठरवले. होंडाने २०२० मध्ये माघार जाहीर केली, २०२१ मध्ये रेड बुल पॉवरट्रेन्स स्थापन झाली आणि मर्सिडीजच्या इंजिन विभागातून बेन हॉजकिन्सन यांच्यासह अनेक जण आले. पोर्शेला निम्मी मालकी हवी होती म्हणून ती बोलणी २०२२ मध्ये फिसकटली आणि पुढच्या वर्षी फोर्ड भागीदार झाली. आता होंडा, न्यूई आणि फॅलोज यांनी पाया घातलेला नवा तांत्रिक विभाग हे सारे ॲस्टन मार्टिनकडे आहे, हा नशिबाचा खेळच म्हणायचा.

नव्या इंजिनात जवळजवळ अर्धी शक्ती विजेची असेल. विद्युत मोटर ३५० किलोवॅटची. कधीही इंजिन न बनवलेल्या कारखान्याने पहिल्याच प्रयत्नात मर्सिडीज आणि फेरारी यांच्या बरोबरीला यावे ही अपेक्षा मी तरी ठेवणार नाही.

मात्र नव्या नियमांत एक संधी आहे. तळाचे महत्त्व कमी होत आहे आणि गाडी कोऱ्या कागदावर आखायची आहे, त्यामुळे ती अरुंद पट्टी आपोआप पुसली जाईल. प्रश्न इतकाच की नवी गाडी पुन्हा एकाच हाताच्या मापाने कापली जाते का.

कुलाबा_ते_कुर्ला

मग सामान्य प्रेक्षकाने ते ओळखायचे कसे? बातम्यांत तर फक्त कोण जिंकले एवढेच येते.

माटुंगा_फॉर्म्युला

२०२६ मध्ये दुसऱ्या गाडीत बसणाऱ्या इझाक हाद्जारकडे पाहा. पात्रता फेरीत तो वर्स्टापेनच्या किती मागे आहे हे प्रत्येक शनिवारी लिहून ठेवा. पहिल्या दोन-तीन शर्यतींतले अंतर फारसे महत्त्वाचे नाही. नवा मुलगा आहे, वेळ लागेल. पण युरोपातल्या शर्यती सुरू झाल्या आणि गाडीला सुधारणांचा पहिला मोठा संच लागला की त्यानंतर ते अंतर घटते की वाढते ते तपासा. वर्स्टापेन जिंकत असताना हाद्जारचे अंतर वाढत असेल, तर २०२३ चीच पुनरावृत्ती चालू आहे असे समजायला हरकत नाही. बार्सिलोनाची जानेवारी २०२६ मधली चाचणी बंद दाराआड आहे, त्यामुळे पहिले विश्वसनीय आकडे फेब्रुवारीत बहारीनहून येतील. तेव्हा याच धाग्यावर तक्ता टाकतो.